स्लॅक-की : गुपित विकावं का?

हवाईयन गिटार म्हटलं की आपल्याला मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या पट्टीने वाजवतात ती आठवते. स्लॅक-की ती नव्हे! ही साधीच गिटार, फक्त तारा ढिल्या केलेल्या. पहिली, पाचवी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवली की झालं ‘टॅरो पॅच’ ट्यूनिंग. काही न दाबता छेडली तरी जी मेजर वाजतो. अंगठा खर्ज सांभाळतो, बोटं चाल वाजवतात.

हवाईत ही ट्यूनिंग्ज म्हणजे घरातलं गुपित असायचं. वाजवून झालं की काही जण तारा पुन्हा बदलून ठेवत. आता त्याच चालींचे टॅब इंटरनेटवर विकत मिळतात. घरचं संगीत बाजारात मांडलं, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. आपल्याकडेही उस्ताद बंदिशी लपवायचेच की! भातखंड्यांनी त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या म्हणून आज कुणालाही मिळतात.

प्रश्न पैसे कुणाला जातात हा आहे. १९४० च्या दशकात गॅबी पहिनुईंनी स्लॅक-कीची पहिली रेकॉर्ड्‌स केली. त्यांचं वाजवणं ऐकून तिसऱ्याच कुणीतरी आकडे उतरवले, तर निदान टॅबवर त्यांचं नाव तरी हवं. हवाईतला वादक स्वतः विकत असेल तर मी आनंदाने पैसे देईन. आणि हो, एकाने घ्यायचा आणि अख्ख्या विंगने झेरॉक्स मारायचा, हे तिथे तरी नको!