आमच्या घरची नवी करवत

आमच्या घराच्या मागील पडवींत एक सुतारखोली आहे. रंधा, पटाशी, गुण्या या जुन्या मंडळींच्या जोडीला तेथें विजेवर चालणारी एक टेबल-करवत गेलीं पंचवीस वर्षें नांदत होती. लोखंडी टेबलाच्या फटींतून वर डोकावणाऱ्या तिच्या दातेरी चक्रावर आमच्या दादांनीं देव्हारा केला, मुलांचीं अभ्यासाचीं मेजें केलीं, आणि शेजाऱ्यांचे पाट तर किती केले याची गणती नाहीं. पुढें तिचीं बेअरिंगें झिजलीं, कठडा ढिला झाला. तरी ‘चालते आहे ना!’ या एका वाक्याच्या आधारावर ती चालत राहिली.

गेल्या ज्येष्ठांत तिनें आम्हां सर्वांना जागें केलें. आमचा पुतण्या जुन्या चौकटीचें सागवान उभें चिरीत होता. फळी अर्धीअधिक पुढें गेली आणि एकाएकीं मागें उसळून त्याच्या पोटावर आदळली. डॉक्टरांनीं आंत इजा नाहीं असें सांगितलें, पण तळहाताएवढा काळानिळा डाग पंधरा दिवस राहिला. त्या रात्रीं पानें वाढतां वाढतां वहिनी म्हणाल्या, “भावजी, उद्यां तें यंत्र भंगारांत द्या. मला मुलगा धड हवा आहे.” दादांनीं मान वर केली नाहीं.

दोष मुलाचा नव्हता. लाकडाच्या अंगांत ताण दडलेला असतो; चिरतांना तो सुटतो, आणि चिरलेल्या दोन्ही बाजू पात्याच्या मागच्या अंगावर मिटूं लागतात. दहा इंची पातें मिनिटाला सुमारें ४,००० फेरे घेऊं लागलें म्हणजे त्याच्या दातांचा वेग ताशीं १९० किलोमीटरांच्या घरांत जातो. मागचे दांत खालून वर येत असतात. मिटणारी फळी त्यांच्या तावडींत सांपडली कीं ते ती उचलून समोरच्या माणसाकडे भिरकावतात. यावर उपाय म्हणून पात्याच्या लगेच मागें एक पोलादी पट्टी उभी केलेली असते. ती चिरेंत शिरते आणि बाजू मिटूं देत नाहीं. बाजारांत तिला रिव्हिंग नाइफ म्हणतात. आम्ही पाचरपट्टी म्हणूं. हल्लींच्या यंत्रांत ती पात्याबरोबरच वरखालीं होते व कलते, त्यामुळें ती काढून ठेवण्याचा मोह सहसा होत नाहीं. आमच्या करवतीला जुन्या तऱ्हेची, एका जागीं खिळलेली पट्टी होती. कामांत अडचण होते म्हणून ती पहिल्याच महिन्यांत माळ्यावर गेली. हा अपराध सर्वस्वीं आमचा.

मुलगा हिंडूंफिरूं लागल्यावर वहिनींचा राग थोडा निवला, आणि नव्या करवतीची गोष्ट निघाली. दादांचें मन पुण्याच्या टिंबर मार्केटांतल्या एका जुन्या यंत्रावर बसलें होतें. ओतीव लोखंडाचें, तीन अश्वशक्तीचें, चार माणसांना न हलणारें. वजनानें थरथर जिरते व काप स्वच्छ येतो, हें दादांचें म्हणणें खरेंच आहे. परंतु त्याला वीज तीन फेजची लागे, आणि पाचरपट्टी मुळींच नव्हती.

न्यू जर्सीच्या भाच्यानें फोनवरून दुसरीच सूचना केली. बोट लागतांच थांबणारी करवत तिकडे मिळते. स्टीफन गॅस नांवाच्या, पदार्थविज्ञान शिकलेल्या अमेरिकन वकिलानें १९९९ मध्यें ही कल्पना काढली, व २००४ पासून तीं यंत्रें विकलीं जाऊं लागलीं. पात्यावर एक सूक्ष्म विद्युत्-संकेत खेळत असतो. अंगाचा स्पर्श होतांच तो बदलतो, ॲल्युमिनिअमचा ठोकळा दातांत घुसतो, आणि सुमारें पांच सहस्रांश सेकंदांत पातें थांबतें. ठोकळा व पातें दोन्ही त्यानंतर टाकावीं लागतात. बोटाच्या मानानें सौदा स्वस्तच. तरीहि आम्ही नको म्हटलें. भाच्याच्या गांवीं वीज १२० व्होल्टची व ६० आवर्तनांची. आमची २३० व ५०. रोहित्रानें दाब उतरेल, आवर्तनें बदलणार नाहींत, आणि साधी इंडक्शन मोटर सहांत एक हिश्श्यानें मंद होईल. शिवाय आमच्या पुतण्याला पात्यानें स्पर्शसुद्धां केला नव्हता!

दोन्ही सूचना ऐकतांना आम्हांस एक गोष्ट खटकत होती. जो तो करवत एका तरबेज हाताची समजून बोलत होता. एकत्र कुटुंबांत यंत्राला एक धनी नसतो. सकाळीं दादा त्यावर काम करतात, दुपारीं पुतण्या, आणि चौदा वर्षांची नात दारांत उभी राहून आपली पाळी केव्हां येईल याची वाट पाहते. तेव्हां करवत निवडावयाची ती दादांच्या हातासाठीं नव्हे, तर घरांतल्या सर्वांत कच्च्या हातासाठीं, असें आम्हीं ठरविलें. दादा यावर दोन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत.

तिसऱ्या दिवशीं तेच फूटपट्टी घेऊन आमच्याबरोबर दुकानांत आले. अश्वशक्तीचा आंकडा सांगण्यास विक्रेता उत्सुक होता. दादांनीं त्याला थांबवून पात्याच्या एका दातावर खूण केली, टेबलावरील खांचेपासून त्या दाताचें अंतर पुढें मोजलें, पातें हातानें फिरवून तोच दांत मागें नेला व पुनः मोजलें. दोन्ही अंतरें सारखीं नसतील तर फळी घासणार, हें निश्चित. मग कठडा पुढून आवळून त्याचें मागचें टोंक ओढून पाहिलें. पहिल्या दोन करवती तेथेंच नापास झाल्या. कठडा पात्यापासून दोन फुटांहून अधिक सरकतो ना, हेंहि पाहिलें. नाहीं तर आठ बाय चारची प्लायवुडची फळी उभी निम्मी करतां येत नाहीं.

बटनाची परीक्षा आमची. चालू करवतीची वीज दुकानदाराकडून बंद करवून पुनः सुरू करविली. वीज येतांच आपोआप फिरूं लागणारी करवत आपल्याकडे घरांत आणूंच नये. वीज गेली म्हणून मनुष्य अडकलेला तुकडा काढावयास हात घालतो, आणि त्याच क्षणीं ती येते.

शेवटीं घेतली ती दहा इंची, उचलून ठेवतां येणारी, घरच्या साध्या विजेवर चालणारी. आवाज मात्र विलक्षण करते, म्हणून एक ते चार ती बंद. वांचलेल्या पैशांत उभें चिरण्यासाठीं २४ दातांचें व आडवें कापण्यासाठीं ६० दातांचें पातें घेतलें, आणि भुसा ओढणारें यंत्र. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ पासून मानलें आहे; वहिनींना मात्र पापडांवर भुसा येत नाहीं याचेंच समाधान अधिक.

जुनी करवत कोणी विकत मागितली तरी देण्याचें आमच्या मनास येईना. मोटर सोडवून भंगारांत घातली. तिचें ओतीव टेबल दादांनीं ठेवून घेतलें आहे. त्यावर पॉलिशपेपर पसरून ते नातीला पटाशीची पाठ सपाट करावयास शिकवितात.