अदृश्य वस्तूचा धनी कोण ?

संगणकावर किंवा हातांतील फोनवर चालणाऱ्या खेळांत मुलें तलवारी, कवचें, अंगरखे विकत घेतात आणि त्यांसाठीं खरे रुपये मोजतात, हें आतां बहुतेक घरांतून ठाऊक झालें आहे. यावर वडील मंडळींचा अभिप्राय ठरलेला असतो. जें हातांत धरतां येत नाहीं, पेटींत ठेवतां येत नाहीं, तें विकत घेणें म्हणजे मृगजळाचे घडे भरणें होय ! आम्हांसही कांहीं काळ असेंच वाटत असे. परंतु नेदरलँड्समधील एका खटल्याची हकीकत वाचल्यावर आमचें हें मत डळमळलें. ती वाचकांपुढें ठेवणें उचित वाटतें.

सन २००७ मध्यें त्या देशांतील लेउवार्डन शहरीं दोघा मुलांनीं एका तेरा वर्षांच्या मुलास मारहाण केली, चाकूचा धाक घातला, आणि ‘रूनस्केप’ नांवाच्या खेळांतील त्याचा ताईत व मुखवटा बळजबरीनें आपल्याकडे वळवून घेतले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोपीचा बचाव असा कीं, या वस्तूच नव्हेत, हे केवळ यंत्रांतील आकड्यांचे भास आहेत. आणि त्यांवर मालकी कोणाची असलीच, तर ती खेळ चालविणाऱ्या कंपनीची. ३१ जानेवारी २०१२ रोजीं न्यायालयानें हा बचाव फेटाळला. त्या मुलानें वेळ व श्रम खर्चून त्या वस्तु मिळविल्या होत्या, त्यांवर एकट्या त्याचाच ताबा होता, आणि तो ताबा हिरावला गेला. तेव्हां ही चोरीच होय, असा निर्णय झाला. या विचारास आधार जुनाच होता. हेग येथील एका दंतवैद्यानें मीटर अडवून फुकट वीज वापरली, तेव्हां वीज हातीं धरतां येत नसली तरी ती चोरतां येते, असें १९२१ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें होतें.

मालकी कंपनीची, हें म्हणणेंही लंगडेंच. वाचनालयांतून आणलेलें पुस्तक कोणीं आपल्या हातून हिसकावलें, तर तें मुळीं आपलें नव्हतें एवढ्यावरून चोर सुटत नाहीं.

ही झाली एक बाजू. परंतु चोरापासून कायदा रक्षण करील, तरी खेळाच्या धन्यापासून तो करीलच असें नाहीं. बहुतेक खेळांच्या अटींत वस्तु विकली असें नसतेंच. ती वापरण्याचा परवाना दिला, एवढेंच असतें. ‘डायब्लो तीन’ या खेळांत कंपनीनेंच २०१२ सालीं खऱ्या पैशांचा लिलाव मांडला आणि मार्च २०१४ मध्यें तो आपणच मोडला. कारण शस्त्र बाजारांत मिळूं लागल्यावर तें झुंजून मिळविण्यांतली गोडी उणावली. ऑक्टोबर २०२५ मध्यें ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळाच्या कंपनीनें दुर्मिळ सुऱ्या मिळविण्याची वाट सोपी केली मात्र, तोंच त्यांचे भाव कोसळले. ज्यांनीं मोठ्या किंमती देऊन त्या घेतल्या होत्या, त्यांचा यांत अपराध तो कोणता ?

आमच्याकडील गृहस्थांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अठरा वर्षांखालील मुलानें केलेला करार आपल्या कायद्यानें मुळांतच निरर्थक ठरतो, हें प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालींच स्पष्ट केलें आहे. तथापि पैसा जातो तो वडिलांच्या खात्यांतून. म्हणून हा व्यवहार वडिलांनींच डोळे उघडे ठेवून केला पाहिजे.

तेव्हां मुलगा “माझी तलवार कोणीं नेली” म्हणून रडत आला, तर त्यास हंसूं नये. त्याच्या श्रमांचें कांहीं तरी खरोखरच गेलें आहे. आणि तो तलवार विकत मागूं लागला, तर त्यास शांतपणें विचारावें, “बाळ, उद्यां कंपनीनें हा खेळ मिटविला, तर तुझ्यापाशीं काय उरेल ?” “खेळलों तेवढी मौज,” असें त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें, तर जत्रेंतील पाळण्यास देतों तसे घरच्या ऐपतीप्रमाणें चार पैसे खुशाल द्यावे. परंतु “पुढें जास्त भावानें विकीन,” असें उत्तर आलें, तर पैसे तर देऊं नयेतच, पण त्याच्याजवळ बसून वरील हकीकती त्यास वाचून दाखवाव्या.