बसवरील नास्तिक्य आणि थेऊरचा चिंतामणी

गणेशोत्सव आला की गावोगावच्या रस्त्यांचे रूप पालटते. मंडपाच्या कमानी उभ्या राहतात आणि त्या कमानींवर श्रीगजाननाच्या चित्राशेजारी दागिने, साबण, गृहसंकुले आणि पुढारी यांच्या जाहिराती विराजमान होतात. देवाच्या दारातील या गर्दीची आपणांस इतकी सवय झाली आहे की, तीत काही वावगे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु त्याच रस्त्यावर उद्या एखाद्याने पदरचे पैसे खर्चून 'ईश्वर नाही' असा फलक लावला तर? भाविकांच्या मनास धक्का बसेल आणि तो फलक उतरविण्याची मागणी होईल. ती मागणी न्याय्य ठरेल काय? हा प्रश्न काल्पनिक वाटेल. पण इंग्लंडमध्ये तो काही वर्षांपूर्वी प्रत्यक्ष उभा राहिला होता. तेथे जे घडले, ते आस्तिकांनीच अधिक बारकाईने पाहावे असे आहे.

लंडनमधील वाद

२००८ च्या जून महिन्यात लंडनच्या बसगाड्यांवर बायबलातील वचन असलेली एक जाहिरात झळकत होती. तीत दिलेल्या पत्त्यावर अधिक माहिती शोधता, जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नरकाच्या अग्नीत अनंतकाळ यातना भोगाव्या लागतील, असे बजावलेले होते. एरियन शेरीन या विनोदी लेखिकेला ते खटकले. तिने 'गार्डियन'मध्ये लेख लिहून सुचविले की, नास्तिकांनीही वर्गणी काढून बसवर आपले उत्तर द्यावे. २१ ऑक्टोबर २००८ रोजी निधी उभारण्यास आरंभ झाला. अपेक्षा साडेपाच हजार पौंडांची होती. जमले दीड लाखाच्या घरात. ६ जानेवारी २००९ पासून ब्रिटनमधील सुमारे आठशे बसगाड्या एक घोषवाक्य मिरवीत धावू लागल्या. त्याचा आशय असा की, ईश्वर बहुधा नाही. तेव्हा चिंता सोडा आणि जीवनाचा आनंद घ्या.

त्या देशात जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाकडे तीनशेहून अधिक तक्रारी गेल्या. काहींचे म्हणणे, ही जाहिरात भावना दुखावते. काहींचे म्हणणे, ईश्वर बहुधा नाही याला पुरावा काय? मंडळाने निर्णय दिला तो मोजक्या शब्दांत. हे जाहिरातदाराचे मत आहे. ते वस्तुनिष्ठ पुराव्याने सिद्ध करता येण्याजोगे विधान नव्हे. ते अनेकांच्या श्रद्धेशी विसंगत असले तरी त्याने कोणाची दिशाभूल होण्याचा वा व्यापक क्षोभ होण्याचा संभव नाही.

मग फेब्रुवारीत एका ख्रिस्ती राजकीय पक्षाने ईश्वर निश्चित आहे, असे प्रत्युत्तर बसवर लावले. त्यावर हजाराहून अधिक तक्रारी आल्या! परंतु राजकीय पक्षाची जाहिरात मंडळाच्या कक्षेबाहेरची असल्याने ती तशीच राहिली. साउदॅम्पटनमधील एका भाविक बसचालकाने नास्तिकांची जाहिरात असलेली बस चालविण्यास नकार दिला, तेव्हा त्याला शक्यतो दुसरी बस देण्याचे कंपनीने मान्य केले. कोणाचे मत दडपले गेले नाही आणि कोणाची सदसद्विवेकबुद्धीही तुडविली गेली नाही.

या प्रकरणाचा खरा कस २०१५ साली लागला. चर्च ऑफ इंग्लंडने ख्रिस्ती प्रार्थनेची एक मिनिटाची चित्रफीत चित्रपटगृहांत दाखविण्याचे योजिले. प्रेक्षकांस ती खटकेल असे कारण पुढे करून जाहिराती पुरविणाऱ्या कंपनीने ती नाकारली. त्या नकाराविरुद्ध बोलणाऱ्यांत रिचर्ड डॉकिन्स हे विख्यात नास्तिक होते! बसवरील मोहिमेस भरघोस आर्थिक साहाय्य करणाऱ्या याच गृहस्थाने, केवळ कोणाच्या भावना दुखावतील म्हणून प्रार्थना दडपू नये, अशी भूमिका घेतली. आपल्या विरोधकासाठीही तेच माप वापरणे, हीच न्यायबुद्धीची खूण होय.

चिंता कोणाची?

त्या घोषवाक्यात एक गृहीत दडलेले आहे. ईश्वर मानणारा मनुष्य चिंताग्रस्त असतो, असे ते सुचविते. नरकाची भीती घालणाऱ्या जाहिरातीला ते उत्तर होते हे ध्यानी घेतले, म्हणजे त्यामागील संताप समजतो. परंतु ज्यांच्या अष्टविनायकांत थेऊरचा चिंतामणी आहे, त्यांना हे वाक्य चमत्कारिकच वाटेल. आपला देव चिंता लावणारा नव्हे, हरण करणारा. म्हणूनच अशा फलकासमोर भाविकाने विचलित होण्याचे कारण नाही. उलट त्याने स्वतःस विचारावे, आपल्या श्रद्धेचा पाया भय आहे की प्रेम? भयावर उभी असलेली श्रद्धाच फलकाने डळमळते.

पूर्वपक्षाची परंपरा

नास्तिकाचे म्हणणे ऐकून घेणे आपल्या परंपरेला नवे नाही. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह' ग्रंथाचा आरंभच चार्वाकमताने होतो. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शने जगत्कर्त्या ईश्वरावाचून आपली मांडणी करतात; तरीही ती आस्तिक दर्शनांतच गणली गेली. शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे मत आधी मांडावयाचे आणि मग त्याचे खंडन करावयाचे, ही शिस्त होती. पूर्वपक्ष दडपून सिद्धान्त उभा राहत नाही. लोकमान्यांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले तेव्हा त्यात आरतीबरोबर व्याख्यानेही आली, हेही विसरता कामा नये. तरीही याच महाराष्ट्रात, पुणे शहरात, २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. मतभेदाला असे उत्तर देणे हे पाप तर आहेच. पण परंपरेच्या दृष्टीने तो पराभवही आहे.

मत आणि माल

मग जाहिरातीवर बंधन नकोच काय? हवे, पण ते योग्य ठिकाणी. 'ईश्वर आहे' आणि 'ईश्वर नाही' ही दोन्ही मते होत. 'हे यंत्र घ्या, म्हणजे संकटे टळतील' हे मत नव्हे. तो मालाचा दावा आहे, आणि त्याचे मोल बहुधा अडलेला, नडलेला भाविकच मोजतो. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत, एखाद्या वस्तूत अद्भुत वा अलौकिक शक्ती असल्याचे भासविणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तू चमत्काराचा दावा करून दूरचित्रवाणीवर विकणे बेकायदेशीर ठरविले. त्या निर्णयाने मारुतिरायाची भक्ती उणावली नाही. तिचा बाजार मांडणाऱ्यांना तेवढा चाप बसला.

येथे एक विसंगती मनास टोचल्यावाचून राहत नाही. देव नाही म्हणणाऱ्याचा फलक आपणांस जितका झोंबतो, तितकी देवाच्या नावावर चालणारी विक्री झोंबते काय? पहिला आपल्याशी वाद घालू पाहतो; दुसरा आपल्याच घरातील आजारी, कर्जबाजारी, पुत्रशोकाने खचलेल्या माणसाला गाठतो. एकाच तराजूत दोघांना तोलले, तर भक्तीची अधिक हानी कोण करतो, हे सांगावयास पंडित नको.

श्रीगणेश ही बुद्धीची देवता. दहा दिवस तिच्यापुढे हात जोडणाऱ्यांनी नास्तिकाला बोलू द्यावे, शक्य तर शांतपणे उत्तर द्यावे, आणि आपला राग खोट्या दाव्यांसाठी राखून ठेवावा. कमानी उतरतील, फलक उतरतील, मूर्तीचेही विसर्जन होईल. थेऊरच्या चिंतामणीपुढे मनोभावे माथा टेकणाऱ्याचे समाधान मात्र कोणत्याही बसवर रंगविलेले नाही. म्हणून ते कोणास पुसताही येणार नाही.