मागची बैठक आणि आपला भ्रम

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबईकडे येणारी एक उंची मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे एक स्नेही गतप्राण झाले. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागील दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलीस तपासात आढळले. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा अंत झाला, तेव्हा तेही मोटारीत मागेच बसले होते.

तरीही मागची बैठक निर्धोक असते, हा समज सुशिक्षित पुणेकरांच्या मनातून जात नाही. पुढचा पट्टा आम्ही बांधतो, तोही बहुधा चौकातील पोलीस दिसल्यावर. मागचा तर कित्येक मोटारींत आसनाच्या खोळीखालीच दडलेला असतो!

वास्तविक यातील शास्त्र शाळकरी मुलासही समजेल इतके सोपे आहे. मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा आतील माणूसही त्याच वेगाने धावत असतो. मोटार थांबली म्हणून तो थांबत नाही. समोर आदळूनच थांबतो. हा आघात सहामजली इमारतीवरून खाली पडण्याइतका असतो. पट्टा हिसका बसताच जागीच अडतो आणि तो आघात खांदा, छाती व कंबरेच्या भक्कम हाडांवर वाटून देतो. व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ साली हा तीन ठिकाणी अडकवायचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीने तो इतरांसही वापरू दिला. मागचा माणूस मोकळा असेल, तर तो पुढच्याच्या पाठीवर आदळून त्याचाही घात करतो.

मागील प्रवाशांनाही पट्ट्याची सक्ती आहे. न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. परंतु दंडाच्या धाकाने शहाणपण येत असते, तर हे लिहिण्याची वेळच आली नसती. आपण वृद्ध आईवडिलांना मानाने आणि मुलांना मायेने मागेच बसवतो. ज्यांची काळजी अधिक, त्यांनाच आपण मोकळे सोडतो, ही विसंगती आम्हांस दंडाहून अधिक बोचते.

यास्तव द्रुतगती मार्गाला लागण्यापूर्वी प्रत्येक चालकाने ती खोळ दूर सारावी, लहानग्यांसाठी त्यांच्या मापाचे वेगळे आसन घ्यावे आणि मागील सर्वांचे पट्टे अडकल्यावाचून मोटार सुरू करू नये. यास अर्धे मिनिट पुरते.