शिडी चाळीस फुटांची

सोमवार सकाळ. नेहमीची लोकल चुकलीय, बॉसचा मिस्ड कॉल येऊन गेलाय, आणि शुक्रवारी 'फायनल' म्हणून पाठवलेलं प्रेझेंटेशन 'जस्ट वन स्मॉल चेंज' म्हणत परत आलंय. अशा वेळी मनात येतं ना, की यार, हे सगळं सोडून कुठंतरी जंगलात जाऊन राहावं? मला तर अप्रेझलच्या आठवड्यात रोज येतं.

तर या वेळी आपण अशाच एका नोकरीत डोकावू या. हुद्दा आहे फील्ड टेक्निशियन. आपल्याकडे हा शब्द ऐकला की एसी सर्व्हिसिंगवाला आठवतो. पण या टेक्निशियनचं काम वेगळंच आहे. संपत चाललेले जंगलातले पक्षी शोधायचे, मोजायचे आणि जमलं तर वाचवायचे. आणि पोस्टिंग कुठं? हवाईला!

लगेच हनिमून पॅकेज डोळ्यांपुढे आणू नका. बीच, नारळपाणी, गळ्यात फुलांची माळ... ते सगळं खाली, किनाऱ्यावर. आपला टेक्निशियन असतो वर, काउआई नावाच्या बेटावरच्या अलाकाईच्या पठारावर. जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक जागा याच डोंगरात आहे. जुलैतली आंबोली आठवा आणि ती वर्षभर चालू आहे असं समजा. आतल्या भागात रस्ता नाही. हेलिकॉप्टर तुम्हाला, तंबूला आणि डाळ-तांदळाच्या डब्यांना एका छोट्या मोकळ्या जागेत उतरवतं आणि निघून जातं. मग आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस तुम्ही, दोन-चार सहकारी आणि गुडघाभर चिखल. मोबाइलला रेंज नाही. (हे वाचून काहींनी आताच अर्ज लिहायला घेतला असेल.)

जंगलात पाऊल टाकण्याआधीचा पहिला नियम म्हणजे बूट घासून घासून साफ करायचे आणि त्यावर अल्कोहोलचा फवारा मारायचा. कारण तिथल्या 'ओहिया' नावाच्या झाडांना मारणारी एक बुरशी चिखलातून पसरते. झाड गेलं की पक्ष्याचं घरही गेलं.

दिवस पहाटे सुरू होतो. ठरलेल्या ठिकाणी उभं राहायचं आणि मोजून काही मिनिटं फक्त ऐकायचं. कुठला पक्षी, किती लांब, कुठल्या दिशेला, सगळं फॉर्मवर लिहायचं. कधी बारीक धाग्याची जाळी लावून पक्षी अलगद पकडायचा, वजन करायचं, पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, पायात रंगीत कडी घालायची आणि सोडून द्यायचं. 'डावा पाय लाल-पिवळा' दिसला की हा कोण ते कळतं. उंदरांसाठी सापळे लावायचे, कारण उंदीर घरट्यातली अंडी आणि अंड्यांवर बसलेल्या माद्यासुद्धा खातात. आणि संध्याकाळी? डेटा एंट्री! एक्सेलपासून सुटका नाही, बॉस.

मग यात थ्रिल कुठंय? थ्रिल शिडीत आहे.

काउआईवर 'अकिकिकी' नावाचा पक्षी आहे. मुठीत मावेल एवढा, वरून राखाडी, खालून पांढुरका, झाडाच्या खोडावरून सरसर फिरत किडे टिपणारा. एकदम साधा. फोटो स्टेटसला ठेवावा असा नाही. त्याची घरटी उंच झाडांच्या पार शेंड्याजवळ. तिथल्या फांद्या इतक्या बारीक की माणूस चढूच शकत नाही. म्हणून २०१५ पासून टेक्निशियन लोकांनी काय केलं? चाळीस फुटी शिडी जंगलात नेली, ती दोरांनी ताणून उभी केली आणि चार मजले चढून घरट्यातली चिमुकली अंडी काढून आणली. ती इनक्युबेटरमध्ये ठेवून हेलिकॉप्टरनं पक्षी केंद्रात पाठवली. तिथं पिल्लं बाहेर आली, माणसांनी त्यांना चिमट्यानं घास भरवले. करिअरची शिडी चढणं म्हणतात ते आपण रोज ऐकतो. ही खरीखुरी होती, पावसात ओली झालेली, आणि वर बोनस नव्हता, अंडं होतं.

एवढा आटापिटा कशासाठी? आकडे बघा. २०१८ च्या सुमारास जंगलात साडेचारशेच्या वर अकिकिकी असावेत असा अंदाज होता. २०२१ मध्ये अंदाज आला ४५. आणि २०२३ मध्ये? ५. पाचशे नाही, पाच. तुमच्या टीममध्ये यापेक्षा जास्त माणसं असतील. आज हा पक्षी टिकून आहे तो मुख्यतः त्या शिडीवरून उतरवलेल्या अंड्यांमुळे, पक्षी केंद्रांच्या जाळीआड.

व्हिलन कोण, माहितीय? ज्याला आपण रात्री बॅडमिंटनच्या रॅकेटसारख्या त्या चिनी बॅटनं चटचट मारतो, तोच. क्युलेक्स डास. अगदी तीच जात, मुंबई-पुण्यातल्या गटारांवर वाढणारी आणि आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारी. हवाईत मुळात डास नव्हतेच. १८२६ च्या सुमारास एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून ते माऊई बेटावर उतरले असं मानतात. पुढं परदेशी पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरियाही आला. (हा मलेरिया वेगळा, माणसाला होत नाही.) तिथल्या पक्ष्यांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. 'इइवी' नावाच्या लाल पक्ष्यावर प्रयोग झाले, तेव्हा रोगी डासाच्या एका चाव्यानं दहातले नऊ पक्षी मेले.

मग जे उरले ते डोंगरात वर गेले. १३ अंशांच्या खाली हा जंतू डासाच्या पोटात वाढत नाही. म्हणजे थंडी हीच त्यांची मच्छरदाणी. पण पृथ्वी तापतेय आणि डास वर सरकतायत. आणि काउआईचं सगळ्यात उंच शिखर आहे १५९८ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षाही बुटकं. आणखी वर जाणार कुठं?

या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग चिखल नाही. २०१९ मध्ये माऊईवर 'किविकिऊ' या पक्ष्यासाठी नव्यानं उभं राहत असलेलं जंगल निवडलं. वर्षानुवर्षं झाडं लावली, कुंपणं घातली. मग १४ पक्षी तिथं नेऊन सोडले. काही आठवड्यांत मलेरियानं खेळ संपवला. तुमचं प्रोजेक्ट क्लायंटनं कॅन्सल केल्यावर तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलत नाही. इथं प्रोजेक्ट अंगाला कडी घातलेला, ओळखीचा जीव असतो. पण गंमत ऐका. २०२१ च्या जुलैत त्याच जंगलात त्या चौदांपैकी एक नर जिवंत सापडला! मेला म्हणून हिशेबातून वजा केलेला. मला वाटतं, असा एक सोमवार मिळणार असेल तर माणूस बरेच सोमवार चिखलात काढेल.

आणि माऊईतल्याच ओलिंडाची ती सकाळ. ८ ऑगस्ट २०२३, बेटावर वणवे भडकलेले. आग पक्षी केंद्राच्या दाराशी आली. आत ८० हून जास्त दुर्मीळ पक्षी, त्यात अकिकिकीसुद्धा. अग्निशमन दल येईपर्यंत तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि एका शेजाऱ्यानं बागेचे पाइप धरून आग थोपवली. पक्षी वाचले. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये हे कुठं लिहिलेलं असतं?

आता लढाईचा नवा फंडा आलाय. डास मारायला डासच! 'वोल्बाकिया' नावाचे नैसर्गिक जिवाणू असलेले नर डास प्रयोगशाळेत वाढवून जंगलात सोडायचे. नर चावत नाहीत. त्यांच्याशी जोडी जमली की जंगली मादीची अंडी फुटत नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून माऊईवर हेलिकॉप्टरमधून हे डास टाकायला सुरुवात झाली, नंतर काउआईवरही. २०२५ पासून ड्रोनही कामाला लागले. दर आठवड्याला लाखो डास! फील्ड टेक्निशियनच्या कामात आता डास मोजणंही आलं.

तरी कधी कधी पूर्ण सकाळ कान लावून उभं राहिल्यावर फॉर्मवर एकच गोष्ट लिहायची असते, ती म्हणजे शून्य. तो शून्यही नीट, तारीख-वेळ घालून लिहायचा. कुणीतरी शेवटपर्यंत ऐकत होतं, याचा तोच पुरावा. २०२३ मध्ये अमेरिकेनं हवाईतले आठ वनपक्षी अधिकृतपणे नामशेष म्हणून जाहीर केले, ते असे अनेक वर्षांचे शून्य जमा झाल्यावरच.

पण 'संपला' म्हणून सोडून द्यायचं नसतं हे आपल्या मातीनंही शिकवलंय. आपला रानपिंगळा १८८४ नंतर कुणालाच दिसला नव्हता. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, तो आपल्या शहाद्याजवळ एका झाडावर आरामात बसलेला सापडला. पुढं मेळघाटात दिसला, आणि २०१४ मध्ये तर तानसाच्या जंगलात. तानसा म्हणजे मुंबईकरांच्या नळाचं पाणी येतं तिथं, लोकलच्या कसाऱ्यापासून फार लांब नाही.

तेव्हा लगेच राजीनामा टाइप करू नका. ईएमआय आहेत, आई-बाबा आहेत, सगळं मान्य. पण एखादा रविवार मॉल सोडून पहाटे जवळच्या जंगलात जा. दहा मिनिटं मोबाइल बंद करून नुसतं ऐका. जे ऐकू येईल ते वहीत लिहा, तारीख-वेळेसकट. काहीच ऐकू आलं नाही, तर तेही लिहा.

आणि रात्री बॅट हातात घेतलीत की अकिकिकीच्या वतीनं दोन डास जास्त मारा!