अडाणीपणाचे कौतुक पुरे

न्यूयॉर्कच्या रमोन्स या चौघांची पहिली ध्वनिमुद्रिका 'रमोन्स' याच नावाने एप्रिल १९७६ मध्ये आली. तिच्याविषयीच्या लेखनात एक वाक्य हमखास भेटते : यांना वाजवता येत नव्हते, आणि हेच त्यांचे मोठेपण. निंदकांनी पूर्वार्ध उचलला, भक्तांनी उत्तरार्ध. आमचा आक्षेप दोघांवरही आहे, भक्तांवर अंमळ अधिक. निंदकाने ऐकायचेच नाकारले. भक्ताने ऐकूनही ऐकले नाही.

मुद्रिका पुन्हा लावावी. चौदा गाणी, जेमतेम एकोणतीस मिनिटे. जॉनीचा हात गिटारवर फक्त वरून खाली येतो. त्या वेगाने दोन मिनिटे तसे वाजवून पाहा, मनगटच उत्तर देईल. एकल वादन जवळजवळ नाहीच. ते त्याला येत होते की नाही हा प्रश्न गैरलागू, त्या गाण्यांना ते नको होते. एका स्पीकरमधून बेस, दुसऱ्यातून गिटार, ही मांडणी बीटल्सच्या आरंभीच्या स्टिरिओ मुद्रिकांची आठवण देते. ड्रमवादक टॉमीने पूर्वी जिमी हेंड्रिक्सच्या ध्वनिमुद्रणात सहायक अभियंता म्हणून काम केले होते. सुमारे ६,४०० डॉलरांत, आठवडाभरात काम उरकले ते क्लबांतल्या दीड वर्षाच्या तालमीमुळे. अडाण्यांचे काम इतक्यात उरकत नाही.

'हे कुणीही करू शकेल' या घोषणेत लोकशाही दिसते, पण तिच्या पोटात तुच्छता आहे. क्वीन्सच्या पोरांना ऊर्जा बहाल करायची आणि कारागिरी सुशिक्षितांसाठी राखून ठेवायची! ('रांगडे', 'उत्स्फूर्त' ही आपल्या समीक्षेचीही लाडकी विशेषणे आहेत.)

शिवाय अडाणी ठरवले की जाब विचारायला नको. शेवटच्या गाण्यातला 'मी' नाझी पोराच्या तोंडचे बोलतो. गायक जोई ज्यू होता. टॉमीचा जन्म बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबातला, आणि त्याच्या आप्तांपैकी बहुतेक ज्यू-संहारात मारले गेलेले. डी डीचे बालपण जर्मनीत गेले. यावर भक्तांचे उत्तर ठरलेले : व्रात्य पोरांची थट्टा. परंतु ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रमुखाने हरकत घेतली तेव्हा याच पोरांनी ओळ बदलून दिली. शब्दाचे वजन त्यांना ठाऊक होते. ते गाणे आम्हांला आजही खुपते, आणि खुपते ते जाणत्यांनी रचले आहे म्हणूनच.