इंद्रायणीची वही कुणापाशी आहे?

दिवाळीच्या अंकात फेसाविषयी लिहायचेच झाले तर तो अभ्यंगस्नानाच्या साबणाचा असावा, असा संकेत आहे. मी ज्या फेसाविषयी लिहिणार आहे तो आळंदीच्या बंधाऱ्याखाली साचतो, आणि सणासुदीच्या दिवशी त्याचे नाव काढल्याबद्दल घरातली वडीलधारी मंडळी माझ्यावर रागावतील हे मला ठाऊक आहे. रागावोत. गेल्या काही वर्षांत या फेसाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आली की आता बाहेरगावचा पाहुणा तोंडात बोट घालतो आणि आम्ही आळंदीकर त्याला चहाला घेऊन जातो!

मी आळंदीचा, पण माझे पोट समुद्रावर भरते. पठारावरचा माणूस दर्यावर्दी कसा झाला, असे लोक मोठ्या कौतुकाने विचारतात. त्यात कौतुक वाटण्याजोगे काही नाही. आळंदीच्या वरच्या अंगाला, तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीजवळ तोलानी मरीटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था 1998 पासून पोरांना जहाजाची विद्या शिकवीत आहे, आणि तीही इंद्रायणीच्याच काठी. तेथे समुद्र दिसणे तर सोडाच, त्याचा वारादेखील पोचत नाही. आपल्याकडे अशा संस्था आता बऱ्याच आहेत. अशाच एकीतून निघून मी इंजिन कॅडेट म्हणून पहिल्या जहाजाची शिडी चढलो.

कॅडेट म्हणजे जहाजावरची धाकटी सून. सर्वांच्या आधी उठायचे, सर्वांच्या नंतर जेवायचे, आणि जे काम कोणालाच नको ते आपले समजायचे. माझ्या वाट्याला आले ते बिल्ज. इंजिनखोलीच्या तळाशी पंपांतून झिरपलेले पाणी आणि पाइपांतून ठिबकलेले तेल एकत्र साचते, त्या काळ्या रबडीला हे नाव आहे. रोज सकाळी टाकीच्या नळीत पितळी वजन बांधलेली फीत सोडायची, पाणी किती चढले ते पाहायचे आणि आकडा लिहायचा. मग सेकंड इंजिनिअर स्वतः उठून तीच फीत पुन्हा सोडीत. माझ्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. त्यांच्या आकड्यावर चीफ इंजिनिअरची नजर असे, आणि चीफच्या सहीखाली कॅप्टनची. चार दिवसांत मला कळून चुकले की जहाजावर माणसाच्या शब्दाला मान आहे, पण तो टाकीशी जुळला तरच.

या साऱ्याचे मूळ एका वहीत आहे. तिला ऑइल रेकॉर्ड बुक म्हणतात. 1967 साली टोरी कॅनियन नावाचे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यापाशी खडकावर फुटले, हजारो टन तेल किनाऱ्याला लागले, आणि जग खडबडून जागे झाले. पुढे 1973 साली आणि 1978 साली राष्ट्रांनी मिळून जो करार केला तो मार्पोल या नावाने ओळखला जातो, आणि 1983 पासून तो अमलात आहे. त्याचा नियम ऐका. बिल्जचे पाणी समुद्रात सोडायचे तर ते गाळणीयंत्रातून काढलेले हवे आणि त्यात दहा लाख भागांस पंधरा भागांहून अधिक तेल असता कामा नये. सोळावा भाग दिसला की यंत्र ते पाणी आपण होऊन टाकीकडे परत वळवते. सोडले ते किती घनमीटर, कोणत्या वेळी आरंभ, कोणत्या वेळी शेवट, त्या वेळी जहाज कोणत्या अक्षांश-रेखांशावर होते, हे सर्व वहीत लिहायचे आणि ज्याने सोडले त्याने खाली सही करायची. शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे वही जहाजावर जपून ठेवायची. कोणत्याही बंदरातला तपासनीस जहाजावर येऊन ती मागू शकतो. प्लास्टिकची तर बातच नको: 1988 च्या अखेरीपासून ते समुद्रात कोठेही टाकण्यास मनाई आहे, आणि जेवणातल्या उष्ट्यालासुद्धा किनाऱ्यापासूनचे अंतर मोजून जावे लागते.

पृथ्वीचा तीनचतुर्थांश भाग व्यापणाऱ्या समुद्राबद्दल ही काटेकोर व्यवस्था! आणि इकडे कुरवंड्यापाशी उगम पावून तुळापूरला भीमेत मिळणारी, शंभरएक किलोमीटरांची, उन्हाळ्यात कमरेइतकी होणारी माझी इंद्रायणी! तिच्यात देहूपासून आळंदीपर्यंत किती नाले उतरतात? तळवडे, चिखली, कुदळवाडी, मोशी ही नावे बसच्या पाटीवर आहेत, पण कोणत्या नाल्यातून कोणत्या रात्री काय आले हे कोणत्या वहीत आहे?

येथे कोणी सरकारी मनुष्य मला थांबवील आणि म्हणेल की, बाबा रे, 1974 सालापासून पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा आहे, मंडळ आहे, नमुने घेतले जातात, आकडे प्रसिद्ध होतात. मान्य. परंतु हे आकडे काय सांगतात? पाणी वाईट आहे, हे सांगतात. ते तर काठावरच्या म्हशीलाही कळते! पाणी कोणी वाईट केले, हे ते सांगत नाहीत. समुद्रातून पाण्याचा नमुना काढून जगाने मार्पोल चालविला असता तर आजवर एकही जहाज सापडले नसते. जगाने समुद्र मोजण्याच्या भरीस न पडता टाकी मोजली, हे त्यातले शहाणपण.

दुसरे म्हणतात, कारखान्यांना नावे ठेवू नका, चाकणने घराघरांत चूल पेटवली आहे. मी तरी कुठे चूल विझवायला निघालो आहे? जहाजसुद्धा नफ्यासाठीच चालते. मार्पोलने एकही जहाजधंदा बुडविला नाही. शिवाय फेस एकट्या कारखान्यांचा नाही. शहराचे आणि गावांचे प्रक्रियेवाचून सुटलेले सांडपाणी, त्यातली आपल्या सर्वांच्या घरची धुण्याची पूड, हे सगळे बंधाऱ्यावरून खाली आदळले की घुसळले जाते. म्हणूनच मला वही हवी आहे. वहीत कारखाना असेल, पालिका असेल, आमची आळंदीही असेल. ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याला तर वहीचा आधारच वाटावा, कारण आज भल्याबुऱ्या सर्वांच्या नावाने एकच बोटे मोडली जातात.

तिसरा आक्षेप जरा जड आहे. वही खोटी लिहिली तर? लिहितात. जहाजांवरही लिहितात. गाळणीयंत्राला वळसा घालून पाणी थेट समुद्रात सोडणाऱ्या चोरट्या पाइपाला आमच्या धंद्यात ‘जादूचा पाइप’ म्हणतात. 2013 साली कॅरिबियन प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर एका नव्याने लागलेल्या इंजिनिअरने असा पाइप पाहिला. नोकरी नवी, वरिष्ठ जुने, जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यापाशी. तो साउदॅम्प्टनला उतरला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळविले. 2016 च्या डिसेंबरात त्या कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करण्याचे मान्य केले आणि तिला चार कोटी डॉलरचा दंड बसला. त्या इंजिनिअरला अमेरिकेच्या न्यायालयाने दंडातून दहा लाख डॉलर बक्षीस दिले. अमेरिकेच्या कायद्यात तशी तरतूदच आहे. खोटे बोलणाऱ्याला पुष्कळ गोष्टी जुळवाव्या लागतात. इंजिन चालले म्हणजे गाळ निघणारच, आणि वहीत गाळ नाही म्हटले तर तो गेला कुठे, हा प्रश्न तपासनीस विचारतोच.

आता आपल्याकडचा तसला मुलगा डोळ्यांसमोर आणा. एखाद्या सांडपाणी-प्रक्रिया केंद्रात रात्रपाळीला कंत्राटावर लागलेला, मराठवाड्यातून किंवा खेडच्या डोंगराकडून आलेला, तळवड्याला चौघांत खोली घेऊन राहणारा. मध्यरात्री वीज वाचवायची म्हणून यंत्र बंद करण्याचा आणि झडप उघडण्याचा हुकूम येतो. त्याला सगळे कळते. मला कॅडेट असताना कळत होते, त्याहून त्याला थोडे अधिकच कळते. माझ्यापाशी एक वही होती आणि माझ्या सहीच्या मागे जगातल्या बंदरांचा धाक उभा होता. त्याच्या मागे कोण आहे? सकाळी कंत्राटदाराने ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटले की त्याचे शौर्य संपले. त्या पोराला भित्रा म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी रात्रपाळी करून पाहावी.

आणि आम्ही भाविक! ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी निघते, ती सडकेने पंढरीला जाते. हे पाणीही जाते. तुळापूरला भीमेत, तेथून उजनीत, आणि पुढे पंढरपूरच्या चंद्रभागेत. वारी दोन वाटांनी चालली आहे, आणि दुसऱ्या वारीचा चोपदार कोण हे आम्ही कधी विचारीत नाही. तीर्थाला अपवित्र म्हणू नये, ही आमची श्रद्धा. आणि नेमकी हीच श्रद्धा नाल्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या सोयीची आहे. माझी आजी तांब्या भरून घरी आणायची आणि देवाला त्याच पाण्याने स्नान घालायची. आज माझी आई देवाला नळाचे पाणी घालते आणि त्याला इंद्रायणीचे म्हणते. तिच्या भक्तीत कमतरता नाही. पण देवघरात तिला खोटे बोलायला लावणारे हे कोण?

दिवाळी उलटली की महिन्याच्या आत कार्तिक वद्य एकादशी येते, आणि 1296 साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्या त्रयोदशीसाठी लाखो माणसे या काठावर उतरतात. दरवर्षी यात्रेआधी बैठक होते. शौचालये, दिवे, पोलीस, दर्शनबारी यांचा आराखडा होतो. यंदा त्या बैठकीत एवढेच मागावे: देहू ते आळंदी नदीत उतरणारा प्रत्येक नाला आणि नळ मोजून त्याला क्रमांक द्या. प्रत्येकावर रोज कोण जाणार त्याचे नाव ठरवा. काय आले, किती आले, किती वाजता आले, हे त्याने लिहावे आणि सही करावी. वरच्या केंद्रात किती पाणी आले, किती साफ होऊन बाहेर पडले, तेही तेथल्या माणसाने लिहावे, म्हणजे दोन वह्या शेजारी ठेवून पाहता येतील. खरे लिहिणाऱ्या मुलाची नोकरी टिकेल आणि दंडातला वाटा त्याला मिळेल, असे लेखी द्या. वही मंत्रालयात किंवा पुण्याच्या कचेरीत नको. ती घाटावर, दर्शनबारीच्या वाटेवर, साखळीने बांधून ठेवा. रांगेत चार-चार तास उभ्या राहणाऱ्या वारकऱ्यांना अक्षरओळख आहे. ती ते वाचतील.